आवाज गेला तो मार्च

मार्च लागला की तुमसरात दोन गोष्टी एकदम अंगावर येतात. एक ऊन, आणि दुसरी प्रात्यक्षिक परीक्षा. कालच वेळापत्रक फळ्यावर लागलं. पोरं त्याच्याभोवती गोळा झाली, मोबाइलवर फोटो काढून पांगली, आणि मी मात्र प्रयोगशाळेची किल्ली हातात घेऊन तिथेच उभी राहिले. बाहेरून राइस मिलचा तो वाफाळलेला, उकडलेल्या म्हणजे उसन्या धानाचा वास येत होता. पोरं म्हणतात, मॅडम, या वासानं डोकं उठते. माझं नाही उठत. मला त्या वासानं दोन वर्षांपूर्वीचा मार्च आठवतो.

इथल्या एका कॉलेजात मी संगणकाची प्रयोगशाळा सांभाळते. शिकवणारे सर वेगळे. मी मशीनं सुरू करणारी, बंद करणारी, धूळ पुसणारी, आणि कोणाचं काही अडलं की धावत जाणारी. पदव्यांचं म्हणाल तर एकच आहे आणि तीही कपाटात पडलेली. जे काही येतं ते मशीन बिघडवून बिघडवून शिकले. हे पूर्वी मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे. हल्ली जरा कमी सांगते.

आमच्याकडे दहा मशीनं, सगळ्यांवर लिनक्स. खिडकीजवळचं तिसरं मशीन समीक्षाचं. म्हणजे कॉलेजचंच, पण तिच्याशिवाय तिथे कोणी बसायचं नाही, हा आपोआप पडलेला नियम. समीक्षा आंबागडची, किल्ल्याच्या पायथ्याला तिचं घर. जन्मापासून तिला दिसत नाही. सकाळच्या बसनं यायची, फाटकापासून प्रयोगशाळेपर्यंत काठी टेकत यायची, आणि दारातून आत आली की काठी घडी करून पिशवीत टाकायची. आतलं सगळं तिला पाठ होतं. मीच कधी स्टूल भलतीकडे ठेवलं की ठेच लागायची आणि मग मला ऐकावं लागायचं, "मॅडम, तुमचं स्टूल आज फिरायले गेलं होतं काय?"

तिच्या मशीनवर पडदा वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता. पडद्यावर जे जे येईल ते तो बोलून दाखवायचा. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मला वाटलं स्पीकर बिघडला. कढईत मोहरी तडतडावी तसा नुसता आवाज. मी म्हटलं, "हे काय आहे वं?" ती म्हणाली, "मराठी आहे जी मॅडम." मी म्हटलं, जा, काहीतरीच. तेव्हा तिनं दोन कळा दाबून वेग कमी केला, आणि त्या तडतडीतून हळूहळू एक चांगलं धडधाकट मराठी वाक्य बाहेर आलं. मी हबकलेच.

"तुले एवढ्या जलद समजते?"

"तुम्ही वाचता तवा एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचता काय?"

हसू आलं मला, पण त्या दिवशी घरी जाताना मी भाजीच्या गाडीपुढे उगीच उभी राहिले आणि विचार करत राहिले. जगाच्या पाठीवर कुठेतरी कोणीतरी बसून आपल्या मराठीचे उच्चार त्या मशीनला शिकवले असतील. तो माणूस कोण, बाई की पुरुष, त्यानं तुमसर नकाशावर तरी पाहिलं असेल का? आणि त्याचं काम आंबागडच्या एका पोरीच्या कानात रोज सकाळी दहा वाजता सुरू होतं. देवळात गेल्यावर जसं आपोआप बोलणं बंद होतं, तसं माझं झालं होतं. भाजीवाला म्हणाला, ताई, घेऊन राहिल्या की नुसतं पाहून राहिल्या?

दहावीला समीक्षाला लेखनिक होता. बारावीलाही. ती सांगणार, दुसरं कोणी लिहिणार. एकदा तिनं सांगितलं होतं, बारावीला मिळालेली मुलगी चांगली होती, पण तिला स्वतःलाच गणित येत नव्हतं, त्यामुळे कंस कुठे सुरू आणि कुठे बंद हेच दोघींचं भांडण तीन तास चाललं. "मॅडम, उत्तर माझं आणि हात दुसऱ्याचा. पेपर देऊन आली तरी वाटे का मी गेलीच नोयती." त्या वर्षीची पायथॉन या संगणकभाषेची प्रात्यक्षिक परीक्षा ही तिची पहिली परीक्षा होती, जी ती स्वतःच्या हातानं देणार होती. कळफलक तिचा, कान तिचे, चूक झाली तर तीही तिचीच. मार्चभर तिनं दुसरा विषयच काढला नाही.

परीक्षेला सहा दिवस होते. सरांनी एक यादी पाठवली. परीक्षेला लागणारे पायथॉनचे भाग, म्हणाले, सगळ्या मशीनवर चढवून टाका. यादी त्यांनी दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राकडून आणली होती, आणि त्या मित्रानं काय केलं होतं, तर स्वतःच्या मशीनवर जे जे होतं ते सगळंच्या सगळं उतरवून दिलं होतं. लागणारे पाच, आलेले दीडशेच्या आसपास. मी मोजत बसले नाही. दुपारची वेळ, पंखा गरम हवा ढवळत होता, आणि मला लवकर मोकळं व्हायचं होतं.

इथे थोडं सांगावं लागेल, नाहीतर कळायचं नाही. लिनक्सच्या मशीनवर नवीन काही आणायचं तर दोन वाटा असतात. एक ऍप्ट. हा मशीनचा स्वतःचा कारभारी. कोणता भाग कोणाच्या आधारावर उभा आहे, काय हलवलं की काय पडेल, हे सगळं त्याच्याजवळ नोंदलेलं असतं. त्यामुळे तो सावकाश चालतो आणि जरा जुनंच आणतो, पण जुळणारं आणतो. दुसरा पिप. हा फक्त पायथॉनचा. जगात जे नवं असेल ते झटक्यात आणून देतो, पण मशीनमध्ये आणखी कोण कोण त्यावर जगतं याची त्याला गंधवार्ता नसते. ऍप्टनं काय ठेवलं ते पिप विचारत नाही, पिपनं काय आणलं ते ऍप्टला कळत नाही. एकाच घरात दोघांच्या हाती कारभार, आणि दोघांचं बोलणं बंद.

समीक्षाच्याच मशीनपासून सुरुवात केली. ती शेजारच्या स्टुलावर डबा खात होती, वाचणारा आवाज तसाच सुरू होता. मी पिपला यादी दिली. मशीननं नकार दिला. पडद्यावर चांगला परिच्छेदभर मजकूर आला, की या मशीनच्या पायथॉनचा कारभार दुसऱ्याच्या हाती आहे, तुम्ही परस्पर भर घालू नका. आवाजानं तोही तडतडत वाचला. माझ्या डोळ्यांनी काय केलं? खाली घसरत गेले आणि शेवटी जो शब्द टाकला की नकार उठतो, तेवढाच उचलला. तो शब्दही कसा, तर सिस्टीमचे भाग मोडा, असंच त्यात इंग्रजीत सरळ लिहिलेलं. मी तो टाइप केला. वरून मशीनच्या मालकाचा अधिकार लावला. दहाही मशीनवर. साडेचारला कुलूप लावून मी घरी.

दुसऱ्या दिवशी समीक्षा आली, बसली, मशीन सुरू केलं, आणि तशीच बसून राहिली.

"मॅडम, बोलत नाही जी."

बाकीची नऊ मशीनं उत्तम चालत होती, आणि खरं तर दहावंही. पोरांचे प्रोग्राम धडाधड उत्तरं देत होते, सर खूश होते. एकच गोष्ट गेली होती, आणि ती ज्या एकीला लागत होती ती एकटीच गप्प बसली होती. तो वाचणारा प्रोग्रामही पायथॉनमध्येच लिहिलेला आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला कालची दुपार आठवली. पण तोंडातून काय निघालं? "काही नाही वं, रात्री अपडेट आलं असान, त्यानं बिघडलं. करतो आपण." ती म्हणाली, "बरं जी." एवढंच. मी धडधडीत खोटं बोलले होते, आणि तिच्या त्या 'बरं जी'नं मला भाजल्यासारखं झालं.

तीन दिवस मी त्या मशीनच्या मागे लागले होते. ऍप्टला म्हटलं, तो वाचणारा प्रोग्राम काढून पुन्हा घाल. त्यानं घातला. त्याला लागणारे भाग पुन्हा घाल. घातले. काही मोडलंय का? नाही, सगळं जागच्या जागी. तो खोटं बोलत नव्हता, खरंच सगळं जागच्या जागी होतं! आणि तरी मशीन मुकं. दुसऱ्या मशीनवर बसवून पाहावं, तर दहाही मी एकाच दुपारी बाटवून ठेवली होती. सगळं पुसून नव्यानं टाकायचं तर नागपूरचा माणूस लागतो, आणि तो परीक्षेनंतरचा दिवस देत होता. सर म्हणाले, "एवढं कायले घेता टेन्शन? लेखनिक देऊ ना. नियमात आहे." नियमात होतंच. समीक्षा तिथेच उभी होती. तिनं काठी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

रविवारी मी गावी गेले. तुमसरपासून बसनं अर्धा तास. पळस असा फुलला होता की एरवी मी खिडकीला नाक लावून बसले असते, त्या दिवशी काही दिसलं नाही. माझे बाबूजी गावच्या तलावाचे पाणकर. म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, धानाच्या तुकड्यात, केव्हा आणि किती सोडायचं, हे त्यांनी ठरवायचं. आमच्या गावात तलावाचं दार पाणकराशिवाय कोणी उचलत नाही. सरपंचही नाही. वैशाखात कोणाच्या लग्नाला पाणी कमी पडलं तरी आधी बाबूजींना विचारतात. लहानपणी मी एकदा खेळता खेळता त्या दाराला हात लावला होता, तर त्यांनी माझ्याशी दिवसभर बोलणं टाकलं होतं. आणि त्याच पाणकराची लेक मी! मोडा असं समोर लिहिलेलं असूनही हात घालून मोकळी.

मी अंगणात चहा घेत होते तर शेजारचे धनराजकाका तणतणत आले. त्यांच्या उन्हाळी धानाची बांधी कोरडी पडली होती. "काहून गा, माह्या पाळीच्या दिवशी पाणी काहून नाही? दार तं खुलं दिसते!"

"खुलंच आहे," बाबूजी म्हणाले.

"मंग अजून उचल ना!"

बाबूजींनी दाराकडे पाहिलंही नाही. चपला घातल्या आणि तलावाच्या तोंडापासून पाण्यासोबत चालायला लागले. मागे काका, त्यांच्या मागे मी. आमच्याकडे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत असं उतरत जातं. वरच्याची पाळ, मातीचा बांध, जिथे कापलेली तिथून खालच्याला मिळतं. बाबूजी एकेक पाळ पाहत चालले. तिसऱ्या बांधीपाशी कोणीतरी ताजी पाळ फोडून पाणी आपल्या वांग्यांकडे वळवलं होतं. बाबूजींनी पायानंच चिखल ओढला, भोक बुजवलं, टाचेनं दाबलं. शिव्या नाहीत, काही नाही. काकांना म्हणाले, "पाणी तं निघालंच होतं गा. मधात कोणी घेतलं थे पाहा लागते. दार उचलून उचलून काय होते?"

मी चिखलात उभी राहिले ती राहिलेच. "काय झालं वं?" बाबूजींनी विचारलं. मी म्हटलं, "बाबूजी, मी तीन दिवसांपासून दारच उचलून राहिले." त्यांना काही कळलं नाही. म्हणाले, उन्हात डोकं झाकून येत जा.

सोमवारी दुपारी मी मशीनसमोर बसले आणि पहिल्यांदाच काही न घालता, न काढता, त्याला नुसतं विचारलं. हा भाग तू कुठून घेतोस? हा कुठून? हा? पायथॉन प्रत्येकाचा ठिकाणा सरळ सांगतो, फक्त कोणी विचारायला हवं. पाचव्यासहाव्या प्रश्नाला ते सापडलं. पायथॉनला एखादा भाग हवा असला की तो ठरलेल्या क्रमानं एकेक जागा बघतो, आणि जिथे पहिल्यांदा मिळेल तिथून उचलतो. पुढे जाऊन पाहत नाही. मी अधिकार लावून चढवलेलं सगळं पिपनं अशा जागी ठेवलं होतं, जी ऍप्टच्या जागेच्या आधी येते. ऍप्टनं ठेवलेला, वाचणाऱ्या प्रोग्रामशी जुळणारा भाग मागे धडधाकट होता. पण त्याच्यापर्यंत कोणी पोचतच नव्हतं. पुढे त्याच नावाचा, नवा कोरा, न जुळणारा भाग बसला होता. तीन दिवस मी मागचं दुरुस्त करत होते, जे कधी मोडलंच नव्हतं.

पिपनं आणलेलं सगळं मी एकेक करून काढलं. मग पोरांच्या परीक्षेला लागणारे ते पाच भाग एका वेगळ्या, बंद जागेत घातले, जिथे पिपनं काय वाटेल ते करावं, मशीनच्या कारभाराला त्याचा धक्का लागत नाही. ही सोय आधीपासून होती. त्या नकाराच्या मजकुरात तीच तर सांगितली होती! मशीन बंद करून सुरू केलं. काही क्षण काहीच नाही. आणि मग ती तडतड.

समीक्षा व्हरांड्यात होती. काठी न उघडताच आत धावत आली आणि माझं फिरायला गेलेलं स्टूल तिच्या पायात आलं. "बोललं जी मॅडम! बोललं!" गुडघा चोळत हसत होती. मी रडले. सांगायला लाज कसली, तोंडावर ओढणी घेऊन चांगली रडले.

संध्याकाळपर्यंत नऊ मशीनं उरकली. मग दहाव्यावर मी मुद्दाम तो नकार पुन्हा पडद्यावर आणला आणि या खेपेला बोट ठेवून वाचला. काय लिहिलंय हो! आधी सांगितलंय की हे तुझं नाही. मग सांगितलंय की तुला जे हवंय ते असं असं कर. पर्याय दिलेत, वाट दाखवलीय. आणि अगदी शेवटी, तरीही ऐकायचंच नसेल तर, मोडतोय हे स्वतःच्या हातानं लिही. ज्या कोणी हे लिहिलं त्यानं माझ्यासारखं कोणीतरी आधीच पाहिलं होतं. घाईतलं, घरी जायची ओढ लागलेलं, आपल्याला सगळं येतं असं वाटणारं. त्यानं मला हाकलून दिलं नाही, अडवून ठेवलं नाही, फक्त माझ्या हातून मला कबूल करून घेतलं. एवढी माणसाची ओळख त्या काळ्या पडद्यात कोणी भरली असेल? मी आजवर मशीनला मशीन म्हणत आले. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, यात कितीतरी माणसं बसली आहेत, एकमेकांना न पाहिलेली, एकमेकांच्या कामावर पाय रोवून. आणि मी त्यांच्यातून चपला घालून गेले होते. आजही नवीन मशीन उघडताना माझा हात एक क्षण थबकतो. भीती नाही ती. थोरामोठ्यांसमोर पदर सावरावा, तसं होतं.

परीक्षक म्हणून गोंदियाकडचे एक सर आले होते. समीक्षाच्या मागे येऊन उभे राहिले, कान देऊन ऐकलं, आणि मला हळूच विचारलं, "हे काय बोलून राहिलं?"

"तुमचा प्रश्न वाचून राहिलं सर," समीक्षाच म्हणाली. तिला हळूच बोललेलं जास्त ऐकू येतं. "तिसरा आणि पाचवा एकच आहे."

सरांनी कागद पाहिला. एकच होता. तिनं दोन्ही सोडवले, वेगवेगळ्या पद्धतीनं. एका ठिकाणी कंस चुकला, मशीननं चूक सांगितली, तिनं ती ऐकली आणि सुधारली. मी दाराशी उभी राहून तिची बोटं पाहत होते. सगळं तिचंच होतं.

परीक्षेनंतर मी तिला बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. आंबागडकडची बस लागायची होती. ती मोहफुलांबद्दल सांगत होती, आई सकाळी वेचायला जाते, सुटीत आता मीही जाईन, वासावरून मला आईपेक्षा जास्त सापडतात. मी ऐकत नव्हते. माझ्या छातीवर ते खोटं बसलं होतं, आणि तिच्या प्रत्येक हसण्यासोबत ते जड होत होतं. शेवटी एका दमात बोलून टाकलं.

"समीक्षा, अपडेट-बिपडेट काही आलं नोयतं. तुझा आवाज माझ्यानं गेला होता."

"मले मालूम आहे जी."

"कसं काय?"

"मी डबा खाऊन राहिली होती ना बाजूले. मशीननं सगळं वाचून दाखवलं होतं. हात लावू नका, मोडेल म्हणून. सगळं आयकलं मी."

"मग मले थांबवलं काहून नाही?"

तिनं मान माझ्याकडे वळवली. तिला खरंच नवल वाटलं होतं, असल्या प्रश्नाचं.

"तुमच्या तं डोळ्यापुढेच होतं जी मॅडम. मले वाटलं, तुम्ही वाचूनच करून राहिल्या."

बस फलाटाला लागली. माणसं पिशव्या घेऊन दाराकडे धावली. मी तिचा हात धरून ठेवला.

"नाही वं," मी म्हटलं. "मी वाचलंच नोयतं."